कुत्रा नेमका कोणाकडे बघतो?

पडद्यावरचा पहिला गाजलेला कुत्रा घरचाच होता. १९०५ साली सेसिल हेपवर्थ या इंग्रज निर्मात्याने लंडनजवळच्या वॉल्टन-ऑन-थेम्स इथे ‘रेस्क्यूड बाय रोव्हर’ नावाचा सहा-सात मिनिटांचा मूकपट काढला. गोष्ट बायकोने लिहिली, आईचं काम तिनेच केलं, बापाचं काम त्याने स्वतः, पळवून नेलेलं बाळ म्हणून त्यांचीच तान्ही मुलगी आणि त्या बाळाचा माग काढणारा रोव्हर म्हणजे घरातला ब्लेअर नावाचा कोली. सगळा मिळून खर्च आठ पौंडांच्या आत. चित्रपटाच्या प्रती मात्र इतक्या खपल्या की मूळ निगेटिव्ह झिजून गेली आणि अख्खा चित्रपट पुन्हा दोनदा चित्रित करावा लागला.

आज तो पाहिला तर बाळ, आया, भिकारीण ही सगळी मंडळी हातवारे करणारी नाटकी वाटतात. खरा वाटतो तो फक्त ब्लेअर. खिडकीतून उडी मारतो, रस्त्याने धावत सुटतो, पाण्यातून पोहत जातो, झोपडपट्टीतलं एकेक दार हुंगतो. शोध घेताना तो कॅमेऱ्याच्या दिशेने धावत येतो आणि घरी परतताना कॅमेऱ्यापासून दूर जातो, त्यामुळे तो कुठून कुठे चालला आहे हे प्रेक्षकाला कोणी सांगावं लागत नाही. संकलनाच्या इतिहासात या चित्रपटाचं नाव घेतलं जातं ते यासाठी. पण ब्लेअर कॅमेऱ्याकडे धावत येतो म्हणजे तिथे त्याच्या ओळखीचं कोणीतरी उभं असणार, हेही उघड आहे. बाळाचं त्याला काय पडलं होतं!

सिनेमातल्या कुत्र्यांचा इतिहास सांगताना नावं येतात ती लॅसीची, रिन टिन टिनची, टोटोची. धंदा मात्र उभा राहिला तो चौकटीबाहेरच्या त्या माणसावर. पडद्यावर आपल्याला दिसतं ते धन्यावरचं जीव ओवाळून टाकणारं प्रेम. ते खोटं नसतं, फक्त ते ज्याच्यावर असतं तो चित्रात नसतो.

अमेरिकेत हा धंदा लॅरी ट्रिंबल या माणसाने सुरू केला असं म्हणायला हरकत नाही. १९१०च्या सुमारास व्हिटाग्राफ कंपनीत त्याची जीन नावाची कोली कुत्री ‘व्हिटाग्राफची जीन’ म्हणून नावारूपाला आली. पुढे त्याने आणि पटकथाकार जेन मर्फिनने जर्मनीहून आलेला, पोलिसी शिक्षण घेतलेला शेफर्ड उचलला आणि त्याला ‘स्ट्राँगहार्ट’ असं भारदस्त नाव दिलं. १९२१चा ‘द सायलेंट कॉल’ तुफान चालला आणि जर्मन शेफर्ड ही जात अमेरिकन घराघरांत पोचली. युद्धात ज्यांच्याशी लढलो त्यांचाच कुत्रा तीन वर्षांत लाडका व्हावा, हेही गमतीचंच.

स्ट्राँगहार्टने वाट पाडली आणि त्या वाटेवरून एक सैनिक आपलं पिल्लू घेऊन आला.

१५ सप्टेंबर १९१८. फ्रान्समधल्या फ्लिरे गावाजवळ ली डंकन हा अमेरिकी सैन्याच्या विमानदळातला तरुण बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या एका श्वानशाळेत शिरला. आत एक शेफर्ड मादी आणि तिची नुकती जन्मलेली पिल्लं जिवंत होती. डंकनने त्यातली दोन स्वतःजवळ ठेवली. फ्रान्समध्ये त्या वेळी लोकरीच्या दोन छोट्या बाहुल्या शकुनाच्या म्हणून सैनिकांना देत असत, रिन टिन टिन आणि नॅनेट. पिल्लांना तीच नावं मिळाली. नॅनेट अमेरिकेला पोचताच आजारपणात गेली, रिन टिन टिन उरला. डंकनच्या लहानपणी बाप घर सोडून गेला होता आणि आईने परिस्थितीपायी त्याला काही वर्षं अनाथाश्रमात ठेवलं होतं. त्याचा या कुत्र्यावर एवढा जीव का जडला, याचं उत्तर त्याच्या चरित्रकारांनी तिथे शोधलं आहे आणि ते पटण्यासारखं आहे.

१९२२ साली लॉस एंजलिसच्या एका श्वानप्रदर्शनात रिन टिन टिनने जवळजवळ बारा फूट उंच उडी मारली आणि एका ओळखीच्या माणसाने ती नव्या कॅमेऱ्यावर टिपली. डंकनच्या डोक्यात सिनेमा शिरला. स्वतः लिहिलेली गोष्ट आणि सोबत कुत्रा घेऊन तो स्टुडिओंचे उंबरठे झिजवू लागला. वॉर्नर ब्रदर्स तेव्हा कर्जात बुडालेली छोटी कंपनी होती. १९२३चा ‘व्हेअर द नॉर्थ बिगिन्स’ त्यांनी काढला आणि तो इतका चालला की कंपनीत या कुत्र्याला गमतीने ‘गहाणखत सोडवणारा’ म्हणू लागले. चाहत्यांना पाठवायच्या छायाचित्रांवर सहीऐवजी पंजाचा ठसा असे. पहिल्या ऑस्करच्या वेळी सर्वोत्तम अभिनेत्यासाठी सर्वांत जास्त मतं यालाच पडली होती, अशी दंतकथा अजून सांगितली जाते. तिला पुरावा नाही, पण हॉलिवूडला ती खोटी ठरवावीशी वाटत नाही, यातच सगळं आलं.

मूकपटात डंकनला एक मोठी सोय होती. तो कॅमेऱ्याशेजारी उभा राहून सतत बोलू शकायचा. ‘थांब’, ‘ये’, ‘वर’, ‘शाबास’ हे सगळं शॉट चालू असतानाच. आवाज टिपलाच जात नव्हता, मग ओरडायला कोणाची भीती? रिन टिन टिनच्या चेहऱ्यावर जे भाव प्रेक्षकांना दिसत, ते निम्मेअधिक डंकनच्या आवाजाला कान देण्याचे भाव होते.

१९२९ साली वॉर्नरने त्याचा करार संपवला. कारण कळवलं ते असं की आता बोलपट आले आणि कुत्रे बोलत नाहीत. कारण विनोदी वाटतं, त्यात अर्धं तथ्य होतं. खरी अडचण कुत्रा मुका असण्याची नव्हती, त्याच्या मालकाला मुकं व्हावं लागण्याची होती. ध्वनिमुद्रण चालू असताना सेटवर टाचणी पडली तरी ऐकू येते, तिथे ‘बस, ऊठ’ कोण म्हणणार? डंकन दुसऱ्या, लहान कंपनीकडे गेला. १९३१ची ‘द लाइटनिंग वॉरियर’ ही मालिका रिन टिन टिनची शेवटची. पुढच्या वर्षी १० ऑगस्टला तो गेला. त्याचे अवशेष पॅरिसजवळच्या आनियेर इथल्या कुत्र्यांच्या स्मशानभूमीत आहेत. १८९९ साली सुरू झालेली ही स्मशानभूमी आजही बघायला मिळते.

बोलपटाने एकाला घरी बसवलं आणि दुसऱ्याचा धंदा उभा केला. कार्ल स्पिट्झ हा जर्मनीहून आलेला प्रशिक्षक. १९२७ साली त्याने हॉलिवूडमध्ये श्वानशाळा काढली, म्हणजे अगदी बोलपटाच्या उंबरठ्यावर. कुत्र्याला आवाजाऐवजी हाताच्या खुणांवर चालवायचं तंत्र त्याने बसवलं. तळहात खाली, बोट वर, मूठ मिटलेली. प्रत्येक खुणेला एक काम. १९३५च्या ‘कॉल ऑफ द वाइल्ड’मध्ये क्लार्क गेबलबरोबर बक नावाचा जो सेंट बर्नार्ड आहे, तो स्पिट्झचा.

त्याची सगळ्यांत प्रसिद्ध चेली टेरी. केर्न टेरिअर जातीची ही लहानशी कुत्री एका जोडप्याने त्याच्याकडे शिकवायला ठेवली होती, घरात घाण करू नये एवढ्यासाठी. पैसे भरायला कोणी आलं नाही आणि कुत्री शाळेतच राहिली. १९३४ साली ती बालतारका शर्ली टेंपलबरोबर ‘ब्राइट आइज’मध्ये दिसली. ‘विझर्ड ऑफ ऑझ’ निघणार म्हटल्यावर स्पिट्झने पुस्तकातल्या टोटो या कुत्र्याची चित्रं पाहिली, त्याला टेरी आठवली आणि बोलावणं येण्याआधीच तो तिला गोष्टीतली कामं शिकवू लागला. १९३९चा तो चित्रपट ज्यांनी पाहिलाय त्यांना जूडी गारलंडसमोर पंजा पुढे करणारी ती कुत्री आठवेल. आठवड्याला १२५ डॉलर तिचा मोबदला होता. बुटक्या मंच्किन रहिवाशांची कामं करणाऱ्या माणसांना त्याहून कमी मिळत, असं सांगतात. चित्रीकरणात सैनिक झालेल्या एका नटाचा पाय तिच्या पायावर पडला आणि तिला काही दिवस सुट्टी घ्यावी लागली. पुढे तिचं नावच टोटो होऊन गेलं. १९४५ साली तिला स्पिट्झच्या जागेतच पुरलं, १९५८ साली त्यावरून महामार्ग गेला. २०११मध्ये चाहत्यांनी हॉलिवूड फॉरएव्हर स्मशानभूमीत तिचं स्मारक उभारलं.

याच काळातला स्किपी हा वायर फॉक्स टेरिअर ‘द थिन मॅन’मधला (१९३४) अ‍ॅस्टा म्हणून गाजला. त्या चित्रपटाची नायिका मर्ना लॉय हिने पुढे आठवणीत लिहून ठेवलंय की तो सगळ्या करामती चूंचूं वाजणाऱ्या रबरी उंदरासाठी आणि एखाद्या बिस्किटासाठी करायचा आणि शॉट संपला की कलाकारांनी त्याला हात लावायचा नाही असा दंडक होता. तिला तो एकदा चावलाही. पडद्यावर नवरा-बायको आणि त्यांचा लाडका कुत्रा असं सुखी चित्र, प्रत्यक्षात त्या दोघांशी त्याची ओळख होऊ द्यायची नाही! नियम क्रूर वाटतो, पण तो प्रशिक्षकाच्या पोटापाण्याचा होता. कुत्र्याने दहा जणांना आपलं मानलं तर अकराव्याची खूण तो कशाला बघेल?

लॅसीची गोष्टही वसुलीतूनच सुरू होते. पाल हा १९४० साली जन्मलेला कोली. भुंकायचा फार आणि मोटरसायकल दिसली की मागे लागायचा. मालकाने त्याला प्रशिक्षक रड वेदरवॅक्सकडे सुधारायला पाठवलं. भुंकणं आवाक्यात आलं, मोटरसायकलचा नाद काही सुटला नाही. मालकाने कुत्रा परत नेला नाही आणि दहा डॉलरच्या बिलाऐवजी पाल वेदरवॅक्सकडे राहिला. एमजीएम तेव्हा एरिक नाइटच्या कादंबरीवर ‘लॅसी कम होम’ काढत होतं. लॅसी मादी, म्हणून आधी मादीच निवडली होती. पाल फक्त धोक्याच्या दृश्यांपुरता, बदली कलाकार.

मग कॅलिफोर्नियात सॅन वाकीन नदीला पूर आला आणि ऐन पुरात चित्रीकरण करायची संधी कंपनीने साधली. पाल पोहत पार झाला. पाण्यातून वर आलेला कुठलाही कुत्रा पहिलं काम करतो ते अंग झाडायचं. तसं झाडलं तर दमलेल्या, अर्धमेल्या लॅसीचा सगळा परिणाम पाण्यात गेला असता. पालने अंग झाडलं नाही. रांगत काठावर आला, पुढचे पाय पसरले, मान टाकली आणि तसाच पडून राहिला. दिग्दर्शक फ्रेड विलकॉक्स तिथेच ठरवून बसला. पाण्यात शिरला तो पाल आणि बाहेर आली ती लॅसी, असं तेव्हापासून म्हणतात. खुणेवर अंग न झाडणं ही कुत्र्याच्या अभिनयातली सर्वांत अवघड गोष्ट आहे, कारण ते काहीतरी करणं नाही, स्वभावाला आवर घालणं आहे.

१९४३ साली चित्रपट लागला आणि लॅसीचं काम तेव्हापासून नरच करत आले. पालच्या पुढच्या पिढ्यांनी १९५४ ते १९७३ दूरचित्रवाणी मालिकेत ती भूमिका वंशपरंपरेने चालवली. नर अंगाने थोराड असतो आणि उन्हाळ्यात मादीइतके त्याचे केस झडत नाहीत, एवढंच कारण. बायकांची कामं पुरुषांनी करायची परंपरा बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला सांगायला नको, पण तिथे निदान प्रेक्षकांना ठाऊक तरी होतं.

वेदरवॅक्स कुटुंबाचा तो धंदाच झाला. रडचा भाऊ फ्रँक याने व्हॅन नाइसच्या प्राणी-निवाऱ्यातून तीन डॉलरला आणलेला स्पाइक हा १९५७च्या ‘ओल्ड येलर’चा नायक झाला. त्यांच्याकडे काम केलेल्या फ्रँक इनने बरबँकच्या निवाऱ्यातून हिगिन्स उचलला. दूरचित्रवाणीवर वर्षानुवर्षं राबून म्हातारा झालेला हा कुत्रा १९७४ साली ‘बेंजी’ झाला. खरं तर बेंजीइतका सामान्य दिसणारा नायक हॉलिवूडने क्वचितच घेतला असेल.

या सगळ्या कारागिरीच्या बाहेर एक चित्रपट उभा आहे आणि निवड करायचीच झाली तर बाकी सगळे बाजूला ठेवून तोच पाहावा. व्हित्तोरिओ द सिकाचा ‘उंबेर्तो डी.’ (१९५२). नायकाचं काम करणारे कार्लो बात्तिस्ती अभिनेते नव्हते, भाषाशास्त्राचे प्राध्यापक होते. उंबेर्तोचं निवृत्तिवेतनात भागत नाही, घरमालकीण बाहेर काढायला टपली आहे आणि फ्लाइक नावाचा छोटा कुत्रा सोडला तर त्याचं कोणी नाही. एका दृश्यात म्हातारा भीक मागायचं ठरवतो, हात पुढे करतो आणि कोणी पैसे टाकणार एवढ्यात तळहात उलटा करतो, जणू पाऊस पडतोय का बघत होता. स्वतःला जमत नाही म्हणून मग तो फ्लाइकच्या तोंडात टोपी देतो, त्याला मागच्या पायांवर उभं करतो आणि स्वतः खांबाआड लपतो. शेवटी तो कुत्र्याला छातीशी घट्ट धरून रुळांपाशी जातो. गाडी धडधडत येते आणि घाबरलेला फ्लाइक सुटून पळतो. त्यानंतर फ्लाइक त्याच्याजवळ यायला तयार नाही. झाडाआड उभा राहून बघत राहतो. म्हातारा पाइनच्या झाडाचं फळ उचलून, खेळायला ये म्हणून विनवण्या करतो. हॉलिवूडचा कुत्रा धन्यासाठी जीव देतो, इथला कुत्रा धन्यावर संशय घेतो आणि म्हणूनच त्याने परत येण्याला किंमत आहे.

लोकप्रियतेचा हिशेब कुत्र्यांच्या जातींना चुकता करावा लागला. ‘लॅसी कम होम’नंतरच्या दोन वर्षांत अमेरिकेत कोलींची नोंदणी ४० टक्क्यांनी वाढली. ‘द शॅगी डॉग’ (१९५९) नंतर ओल्ड इंग्लिश शीपडॉगची नोंदणी शंभरपट झाली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असा परिणाम दहा वर्षांपर्यंत टिकलेला आढळला. चित्रपट पाहून आणलेलं पिल्लू मोठं झाल्यावर त्याचं काय होतं, हे निवाऱ्यांत काम करणारे सांगतील. सेटवरच्या प्राण्यांवर लक्ष ठेवायची पद्धत मात्र कुत्र्यांमुळे नाही, घोड्यांमुळे आली. ‘जेसी जेम्स’ (१९३९) मध्ये कड्यावरून ढकललेला घोडा मेला आणि गदारोळ झाला. चित्रपटात एकाही प्राण्याला इजा झालेली नाही, ही ओळ पहिल्यांदा झळकली ती १९७२च्या ‘द डोबरमन गँग’च्या शेवटी.

पडद्यावरच्या कुत्र्यांचं वारं मुंबईनेही लवकर पकडलं. परळच्या लवजी कॅसलमध्ये वाडिया मूव्हीटोनचा स्टुडिओ होता. ‘हंटरवाली’ (१९३५) पासून फिअरलेस नादियाचे मारधाडपट तिथून निघू लागले आणि तिच्या फौजेत ‘पंजाब का बेटा’ हा घोडा, ‘रोल्स रॉइस की बेटी’ ही मोटार आणि ‘गनबोट’ हा कुत्रा अशी मंडळी असत. जमशेद वाडियांना अमेरिकी धाडसपटांचं वेड होतं, ते असं परळपर्यंत आलं. पुढे तीच जागा व्ही. शांताराम यांनी घेतली आणि १९४२मध्ये तिथे राजकमल कलामंदिर उभं राहिलं. ‘डॉ. कोटणीस’ किंवा ‘अमर भूपाळी’ची चर्चा करताना त्या आवारात आधी गनबोट भुंकून गेलाय, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

पुढच्या काळातल्या ‘तेरी मेहरबानियां’ (१९८५)ला समीक्षकांनी हसायचं आणि प्रेक्षकांनी रडायचं हे ठरूनच गेलं. नायक जॅकी श्रॉफ मध्येच मारला जातो आणि मोती नावाचा कुत्रा मारेकऱ्यांचा एकेक करून सूड घेतो. ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) मध्ये काम सौम्य आहे. टफी क्रिकेटच्या सामन्यात पंच होतो, लक्ष्मीकांत बेर्डेंच्या लल्लूबरोबर घरभर मिरवतो आणि नायिका निशाची चिठ्ठी नायक प्रेमकडे न नेता त्याच्या मोठ्या भावाकडे नेऊन अख्ख्या कथेचा निकाल लावतो. माधुरी, रेणुका, रीमा आणि लक्ष्या एका चित्रपटात असताना गोष्ट सोडवली ती रेडो नावाच्या पांढऱ्या स्पिट्झने! ‘७७७ चार्ली’ (२०२२) या कन्नड चित्रपटाने याच वाटेवर फार पुढची मजल मारली. तो पाहून कर्नाटकचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांना रडू आवरलं नाही, कारण त्यांचा स्वतःचा कुत्रा वर्षभरापूर्वीच गेला होता. आपल्याकडे चित्रपटात प्राणी घ्यायचा तर २००१च्या नियमांनुसार त्याची नोंदणी आणि प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते. निर्माते कागदपत्रांना वैतागतात, पण ती असावीतच.

२०२०च्या ‘कॉल ऑफ द वाइल्ड’मध्ये बक पुन्हा आला. या वेळी हॅरिसन फोर्डसमोर कुत्रा नव्हताच. टेरी नोटरी हा कलाकार हातापायांवर चालत होता आणि त्याच्या जागी संगणकाने कुत्रा बसवला. फोर्डने थोपटलं ते माणसाला. चित्रपट वाईट नाही, पण बकची भुवई वेळेवर उचलली जाते, वेळेवर खाली येते आणि त्यामुळेच तो कुत्रा वाटत नाही.

उत्तर तीन वर्षांत मिळालं, तेही खऱ्या कुत्र्याकडून. जस्टिन त्रिए हिच्या ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल’ला २०२३मध्ये कानचा पाम दोर मिळाला आणि त्यातल्या मेसी या बॉर्डर कोलीला ‘पाम डॉग’. २००१पासून तिथेच दिला जाणारा हा अर्धा गमतीचा पुरस्कार म्हणजे चामड्याचा पट्टा. एका दृश्यात औषध पोटात गेल्याने तो निपचित पडतो. जीभ बाहेर, अंग ढिलं आणि डोळे उघडे असून शून्यात. जन्मभर ज्याला प्रशिक्षकाकडे बघायला शिकवलं, त्याने त्या क्षणी कोणाकडेच बघायचं नव्हतं. लॉरा मार्टिन कोंतिनी या त्याच्या प्रशिक्षिकेने ते घडवून आणलं. ऑस्कर अकादमीने २०२५मध्ये स्टंट रचनाकारांसाठी नवा पुरस्कार जाहीर केला आहे. प्राण्यांच्या प्रशिक्षकांसाठी तिथे अजूनही विभाग नाही.